रापणीच्या दोरीची गजाल

बाबा,

आज सकाळी खाडीत तुमच्या नावाची पहिली होड्यांची शर्यत झाली. कपावर तुमचं नाव कोरलंय, मंडपात तुमचा मोठा फोटो लावला होता, तो मिशीवाला, आणि मला स्टेजवर बोलावून तुमची गोष्ट सांगायला लावली. कोणती ते तुम्हाला सांगायला नको. किनाऱ्यावरून ओढायचं रापणीचं जाळं फुटायला आलं तेव्हा तुम्ही कपाचा विचार न करता सायकल टाकून धावलात, बापाच्या बरोबरीने दोरीला हात लावलात आणि त्यापायी कायमची शर्यत गमावलीत, ती. इथल्या शाळेतल्या पोरांनाही ती पाठ आहे. ती खरी नाही हे माहीत असलेली आता इथे दोनच माणसं उरलीत, आई आणि मी. तुम्हाला जाऊन वीस-बावीस वर्षं झाली, तरी दुपारी पाहुण्यांची जेवणं उरकून बसल्यावर मला पहिलं तुमच्याशीच बोलावंसं वाटलं. तोंडाने मी तुम्हाला कायम अरे-तुरेच केलं, आमच्या घरात बापाला दुसरं काही म्हणवतच नव्हतं. कागद पुढे घेतला की मात्र 'तुम्ही' होतं. शाळेची सवय, आणि ती शाळा तुम्हीच मला सोडू दिली नाहीत.

मुळात तुम्ही त्या शर्यतीत शिरलात कसे, हीच एक गंमत होती. बाजारपेठेतल्या डॉक्टरांनी आणि वकिलांनी मिळून चालवलेलं ते मंडळ. आपल्याकडे होड्यांना तोटा नव्हता आणि वल्हं मारणाऱ्यांनाही नव्हता, पण मंडळाची शर्यत होती हौशी लोकांची. डॉक्टरांच्या कुणा आजोबांनी विलायतेहून नियमांचं पुस्तक आणलं होतं. त्यात म्हटलं होतं की ज्याचं पोट वल्ह्यावर, जाळ्यावर किंवा हातच्या कष्टावर चालतं तो हौशी नव्हे, त्याने शर्यतीत उतरायचं नाही. इंग्रज गेले आणि पुस्तक राहिलं. म्हणजे खाडीतल्या शर्यतीत खाडीवरची माणसं सोडून बाकी सगळे चालत होते. डॉक्टर पलीकडच्या काठावर पेशंट बघायला निघाले असताना एकदा तुम्ही त्यांना ऐन ओहोटीत पार करून नेलंत आणि तुमचा हात बघून ते वेडे झाले. असा माणूस रापणीत वाया जातोय, असं ते आपल्या घरी येऊन आजोबांना, तुमच्या वडिलांना, म्हणाले. तुम्ही सातवी झालेले होतात. त्यांनी वाचनालयात पुस्तकं देण्या-घेण्याची नोकरी लावून दिली. खुर्ची, टेबल, इस्त्रीचा शर्ट आणि एक अट: जाळं, होडी, दोरी, ज्यातून दमडी किंवा मासळी मिळते त्या कशाला हात लावायचा नाही.

तुम्ही ती अट सोवळ्यासारखी पाळलीत. आणि जिंकत गेलात. मंडळाची ती एकट्याने बसायची अरुंद नाव, जायचं त्या दिशेला पाठ करून वल्हवायची. वाडीतली पोरं मला विचारायची, "तुझो बापूस पाठ करून खंय जाता गो?" मी त्यांना दगड मारायचे. आपल्या वाडीत तुम्हाला 'हौशी' हे नाव पडलं ते तेव्हापासून. आई पहाटे किनाऱ्यावर लिलावाला उभी राहायची, पाटी डोक्यावर घेऊन बाजारात बसायची, मासळीचे हात धुवून तुमचा शर्ट इस्त्री करायची, आणि त्यात हौसेचा भंग होत नव्हता, कारण ती शर्यतीत उतरणार नव्हती. हे मला मोठेपणी सुचलं. तेव्हा मला फक्त अंडं दिसायचं. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून तुम्हाला रोज उकडलेलं अंडं मिळायचं, आम्हाला पेज. तुम्ही पांढरं तेवढं खायचात आणि बलक गुपचूप माझ्या पेजेत सोडायचात. ताकद पांढऱ्यात असते, असं म्हणायचात. त्या बलकाची चव मला अजून आठवते आणि तुमच्यावर मनापासून रागावता येत नाही त्याचं तेही एक कारण आहे.

डॉक्टरांच्या दवाखान्यात औषधांच्या कपाटावर एका गोऱ्या माणसाचा फोटो होता. राणीच्या काळातला कुणी वल्हवणारा, पट्ट्यापट्ट्यांचा बनियन, छातीवर हाताची घडी आणि झुपकेदार मिशा. तुमच्या मिशा त्याच्याच. मला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत सोडताना तुम्ही त्याची कथा सांगायचात. त्याच्या बापाची लाकडाची मोठी वखार होती, पण याने कधी फळी उचलली नाही. दिवसा वखारीचे कागद बघायचा आणि संध्याकाळी नदीवर जायचा. एकट्याच्या नावेत त्याला हरवणारा कुणी जन्मला नव्हता. एकदा कुणी नाण्यांची थैली बक्षीस देऊ केली तर त्याने तिला बोट लावलं नाही, नुसतं हसून मान लववली. तुम्ही हे सांगताना हँडल सोडून मान लववून दाखवायचात आणि आपण दोघं पडता पडता वाचायचो. मी एकदा विचारलं, "तेचो बापूस बघूक येय काय रे?" तुम्ही दोन्ही हातांनी हँडल धरलंत. मग म्हणालात, "तां पुस्तकात नाय." मी तो विषय सोडून दिला.

आता त्या दिवसाचं. तुम्हाला नको असेल तरी मला लिहू द्या. आज मी ते शंभर माणसांसमोर वेगळं सांगून आले आहे, तर निदान एकदा कुठेतरी होतं तसं असू दे.

रापणीचा कायदा बाहेरच्या वाचणाऱ्याला सांगावा लागला असता. तुम्हाला काय सांगायचं? दोरीला ज्याचा हात लागला त्याचा वाटा. मग तो वाडीतला असो, बांधावरून आलेला शेतकरी असो, की एसटी चुकली म्हणून किनाऱ्यावर फिरणारा मास्तर असो. ओढायला आला की शेवटी वाळूत त्याच्या नावाचा ढीग पडणार. आणि तो नको म्हणायचं नाही. नको म्हणणं म्हणजे जाळ्याला अपशकुन, दुसऱ्या दिवशी कुणी होडी ढकलणार नाही. फुकट ओढतो म्हणायची सोय नव्हती, हे लक्षात घेतल्याशिवाय तुमचं त्या दिवशीचं उभं राहणं कुणाला कळणार नाही. मलाही अर्धंच कळतं.

सकाळ सरत आली आहे. बांगड्याचा थवा लागलाय, पाणी काळं दिसतंय. एका दोरीवर आजोबा सगळ्यांत पुढे, गुडघाभर पाण्यात. जाळं भरतं आणि पाण्याची ओढ उलटी फिरते, दोरी दक्षिणेला, खडकांकडे सरकायला लागते. वाडीत हाक जाते. बायका चुली सोडून धावतात, पोरं शाळेची दप्तरं वाळूत टाकून धावतात, त्यात मी. मी दोरी धरते, टाचा रोवते, मागे बघते. तुम्ही वाचनालयाच्या वाटेवर थांबलेले आहात. सायकल सुरूच्या झाडाला नीट टेकवून ठेवली आहे. शर्ट पॅन्टीत खोचलेला. हात पाठीमागे. शर्यत पुढच्याच रविवारी आहे आणि हे किनाऱ्यावर सगळ्यांना ठाऊक आहे.

आजोबा वळून हाक मारतात, "ये रे, एक हात लाव."

तुम्ही चार पावलं पुढे येता. थांबता. "नाय जमूचा बाबा. हात लावलंय तर वाटो येतलो."

आजोबा तुमच्याकडे बघतात आणि म्हणतात, "मगे रव थयच."

त्यानंतर दोरी सुटली. सगळ्यांच्या हातून हातभर सरकली, पण पुढे आजोबा होते, त्यांनी सोडली नाही. दोरी त्यांना पाण्यात ओढत घेऊन गेली. माणसांनी उड्या टाकून त्यांना आणि दोरीला धरलं. जाळं खडकाला लागून एका बाजूने फाटलं, अर्धी मासळी गेली, अर्धी किनाऱ्याला आली. आजोबांच्या दोन्ही तळव्यांची सालं निघाली होती. उजव्या हाताची दोन बोटं त्यानंतर सरळ झाली नाहीत. आणि तुम्ही शेवटपर्यंत तिथेच उभे होतात, बाबा. निघूनही गेला नाहीत. निघून गेला असतात तर मला तुम्ही कळला असतात. वाचनालय उघडायची वेळ टळून गेली होती आणि तुम्ही तिथे उभे, ना खाली येत, ना सायकलला हात लावत.

वाटे पडले तेव्हा आजोबा हाताला फडकं गुंडाळून वाळूत बसले होते. प्रत्येकाचा ढीग लावून झाला आणि त्यांनी आणखी एक लावायला सांगितला. कुणाचा, असं विचारल्यावर ते तुमच्याकडे न बघता म्हणाले, "तेचो. उभो रवान दमलो असतलो."

लोक हसले. फार नाही, पण हसले. तुम्ही सायकल घेतलीत आणि निघालात. तो ढीग तसाच वाळूत पडला. सगळ्यांनी आपापले वाटे उचलले आणि तो तेवढा राहिला, कावळे जवळ यायला लागले, आणि जाणारा प्रत्येक जण त्याच्याकडे बघून जायला लागला. मला ते सहन होईना. मला मासळीची हाव नव्हती, एवढं खरं माना. तो ढीग म्हणजे तुम्हीच तिथे पडलेले आहात असं वाटत होतं आणि लाजेने माझे कान तापले होते. मी फ्रॉकच्या ओच्यात ते बांगडे भरले आणि वाडीतून, सगळ्यांच्या दारांवरून, घरी आणले. झाकायला निघाले आणि तुमचा वाटा घरात गेल्याची दवंडी पिटून आले.

संध्याकाळी स्वयंपाकघरात आईने ते साफ करायला घेतले. तुम्ही दारात आलात, बघितलंत, आणि मला एवढंच विचारलंत, "तू कशाक उचललंस गो?" आवाज चढला नव्हता. तुम्ही मला आयुष्यात कधी मारलं नाहीत आणि त्या दिवशी मारलं असतं तर बरं झालं असतं. आई तुमच्याकडे पाठ करूनच म्हणाली, "बांगड्यान काय केल्यान तुमचा? बसा." तिने तिरफळं घालून आमटी केली. आजोबांना तिने भरवलं. तुम्ही भात आणि सोलाची कढी घेतलीत, आणि त्या रात्रीपासून बांगडा तुमच्या ताटात कधी आला नाही.

बातमी मंडळापर्यंत जायला वेळ लागला नाही. दोन दिवसांनी मी तुमचा डबा घेऊन वाचनालयात आले तर डॉक्टर आणि वकील तुमच्या टेबलासमोर उभे. मी पायरीवर बसले. डॉक्टर भले माणूस होते, ते समजुतीने बोलत होते. "तुमच्याकडे वाटा गेला असं ऐकतो. पोरांनी कुणी उचलला असेल. तुम्ही दोरीला हात लावला नाही, एवढं फक्त म्हणा. पुढचं मी बघतो." वकील पुस्तकांच्या कपाटाकडे बघत होते, त्यांचा मुलगा शर्यतीत कायम तुमच्या मागे दुसरा यायचा. तुम्ही खुर्चीतून उठलात. मला वाटलं, आता सांगणार. जे सगळ्या किनाऱ्याने पाहिलं होतं ते. तुम्ही म्हणालात, "हो, मी हात लावला. वडील एकटे पडले होते." तुमचं ते शुद्ध मराठी मला अजून ऐकू येतं. डॉक्टरांचे डोळे भरून आले आणि त्यांनी तुमचा हात हातात घेतला. त्या हाताकडे मी बघत होते. तळवा स्वच्छ होता.

खूप वर्षं मी धरून चालले की तुम्ही मला वाचवलंत, पोरीचं नाव घ्यायला नको म्हणून. तशी समजूत करून घेणं सोपं होतं आणि त्यात मी जरा मोठीही होत होते. पण तसं नव्हतं ना? कप वाचवायचा तर त्या दोघांसमोर उघड म्हणावं लागलं असतं की बाप पाण्यात ओढला जात होता आणि मी हात मागे बांधून बघत होतो. ते तुम्हाला म्हणवेना. कप दिलात आणि ते वाक्य गिळलंत. वाडीनेही तोंड उघडलं नाही. आपल्या माणसाची लाज बाजारपेठेत कशाला न्यायची, म्हणून सगळे गप्प. आजोबा सगळ्यांत गप्प. ते गेले तोपर्यंत तुमच्याशी बोलत होते, पण तुम्हाला नावाने हाक मारलेली मी पुन्हा ऐकली नाही.

मग डॉक्टरांनीच कुठल्याशा समारंभात ती गोष्ट पहिल्यांदा सांगितली, बापासाठी कप सोडणाऱ्या मुलाची. माणसांना आवडली. बाजारपेठेला आवडली, हळूहळू वाडीलाही आवडली, कारण तिच्यामुळे तुम्ही परत वाडीचे झालात. बघणारे एकेक करून गेले, माझ्याबरोबरची पोरं मुंबईला पांगली आणि ऐकणारे उरले. तुमच्या समोर कुणी ती सांगितली की तुम्ही मान खाली घालायचात. लोक म्हणायचे, केवढा विनय आहे. मी शेजारी बसलेली असले की मला चहाच्या कपात बुडून मरावंसं वाटायचं.

आता मंडळ आपल्या वाडीच्या पोरांचं आहे. तो हौशीचा नियम कधीच गेला. रापण ओढायला पर्यटक येतात, फोटो काढतात, माझ्याकडे उतरलेल्या पाहुण्यांना मीच पाठवते आणि वाट्याचे चार मासे हातात पडले की त्यांना कोण आनंद होतो. मंडळाचा अध्यक्ष पर्यटकांना समुद्रात बुड्या मारायला नेतो, चांगला पोरगा आहे. तो गेल्या आठवड्यात येऊन म्हणाला, "काकी, तुमी ती दोरीची गजाल सांगा. पोरांका ती होयी." मी म्हटलं, "बघतंय." आणि मनात पक्कं केलं की खरी सांगायची. कुणाचा अपमान न करता, नीट. आजोबांचं नाव त्या गोष्टीत कुठेच नसतं, त्यांचा हात त्या दिवशी कामातून गेला हे कुणाला माहीत नाही, तर निदान ते सांगायचं. तुम्ही घाबरलात हे सांगायचं. घाबरलेला माणूसही शर्यत जिंकू शकतो, पोरांनी हे ऐकलं तर बिघडणार काय आहे? आईला सांगितलं तर ती म्हणाली, "सांग. मी आजून जिती आसंय, कोण खोटा म्हणतलो तर माझ्याकडे धाड."

स्टेजवर चढले. समोर आई पहिल्या खुर्चीत, पदर नीट घेऊन. मागे पोरं, ओल्या कपड्यांत, वल्ही हातात. मी सुरुवात केली. बांगड्याचा थवा सांगितला, फिरलेली ओढ सांगितली, सुरूच्या झाडाखाली तुम्ही थांबलात हेही सांगितलं. आजोबांनी हाक मारली, तेही. आणि तिथून माझं तोंड वेगळीकडे गेलं. तुम्ही धावलात, असं मी म्हटलं. पाण्यात शिरलात. दोरी सुटली तेव्हा सगळ्यांच्या पुढे तुम्ही होतात, तुम्ही सोडली नाहीत, तुमच्या दोन्ही तळव्यांची सालं निघाली, दोन बोटं कायमची वाकडी झाली. एवढं तर आजवर कुणी सांगितलं नव्हतं. आजोबांचे हात मी त्यांच्याकडून काढून तुम्हाला देऊन टाकले, बाबा. टाळ्या थांबेनात. अध्यक्ष डोळे पुसत होता.

रिक्षातून परत येताना आई बाहेर बघत होती. तशीच म्हणाली, "हात तुझ्या आज्याचे सोललेले गो. तुझ्या बापाशीचे न्हय." मी म्हटलं, "माका म्हायत आसा." ती म्हणाली, "मगे?" मी रिक्षावाल्याला घराचं वळण दाखवलं. घरी आल्यावर तिने जेवायला नको म्हटलं आणि आडवी झाली. आजोबा जाईपर्यंत तिने ते हात पुसले, भरवले, तेल लावलं, आणि शेवटी तिच्या डोळ्यांदेखत तिच्या पोरीने ते खोटे पाडले. उठल्यावर तिच्याशी काय बोलायचं हे मला माहीत नाही.

हे पाठवायला तुमचा पत्ता नाही आणि असता तरी मी पाठवलं नसतं. वाचून तुम्ही पुन्हा मान खाली घातली असती, आणि ते बघायची माझी आता ताकद नाही. पण एक राहतंय, ते लिहून उठते. स्टेजवर मी ठरवून खोटं बोलले नाही. 'धावले' हा शब्द तोंडातून गेला आणि तुम्ही मला खरंच दिसलात, सायकल आडवी टाकून, पॅन्ट भिजवत, ओरडत येताना. बोलणं थांबलं असतं तर तुम्हीही थांबला असतात, म्हणून मी वाढवत गेले. पाच-दहा मिनिटं असतील. जन्मात पहिल्यांदा तेवढा वेळ मला तुमची लाज वाटली नाही.